लोणारचे चुंबकीय पुरावे : काय सिद्ध होते, काय होत नाही

लोणारविषयीच्या पदवी पातळीवरच्या टिपणांत एक विधान हमखास आढळते. चुंबकीय सर्वेक्षणाने लोणारचे विवर अशनिपाताने झाल्याचे सिद्ध झाले, अशा अर्थाचे ते असते. त्याच्या पाठोपाठ बहुधा दुसरेही येते: सरोवराजवळ होकायंत्र भरकटते, कारण तळाशी अशनीचा लोहयुक्त तुकडा गाडलेला आहे. गावातल्या मोठ्या मारुतीची मूर्ती चुंबकीय दगडाची असल्याचे सांगतात, तेही मग याच ओळीत बसवले जाते. पहिले विधान अर्धवट आहे आणि दुसरे चुकीचे. पण ती का चुकतात हे नीट पाहिले, तर भूभौतिकीतला पुरावा कसा वाचायचा याचा एक चांगला धडा मिळतो. म्हणून या टिपणात लोणारवरच्या चुंबकीय अभ्यासांची माहिती देण्याबरोबर त्यांच्या युक्तिवादाची तपासणीही केली आहे.

मूळ माहिती थोडक्यात. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, वाडग्याच्या आकाराचे साधे आघात-विवर आहे. ते दख्खनच्या बेसॉल्टमध्ये आहे, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांत. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उचललेला आहे, तळाशी खारे व अल्कलीयुक्त पाणी आहे, पाण्याखाली सुमारे १०० मीटर गाळ आणि त्याखाली फुटलेल्या खडकाचा भरड चुरा, म्हणजे ब्रेशिया. बेसॉल्टमध्ये टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. तेव्हा लोणारचा जवळजवळ प्रत्येक दगड थोडाफार चुंबकीय आहे, आणि तसा तो औरंगाबादचा, साताऱ्याचा किंवा नाशिकचाही आहे. मारुतीच्या मूर्तीचे कोडे इथेच सुटते. त्यासाठी आकाशातून काही पडावे लागत नाही.

गिल्बर्टची सुई

गाडलेल्या लोखंडाची कल्पना जुनी आहे आणि तिचा इतिहास थेट लोणारपर्यंत येतो. अमेरिकेतला ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा त्या काळातला अव्वल दर्जाचा भूशास्त्रज्ञ. १८९१ मध्ये तो ॲरिझोनातल्या एका मोठ्या खड्ड्यावर गेला. आज आपण त्याला बॅरिंजर किंवा मीटिऑर क्रेटर म्हणतो. आसपास लोहाशनीचे तुकडे विखुरलेले होते. गिल्बर्टने दोन चाचण्या ठरवल्या. अशनी खाली गाडलेला असेल, तर काठावर साचलेला माल खड्ड्याच्या पोकळीपेक्षा जास्त भरला पाहिजे, कारण अशनीनेही जागा व्यापलेली असणार. आणि चुंबकसुई खड्ड्याजवळ ढळली पाहिजे. मोजणीत दोन्ही घनफळे जवळजवळ सारखी निघाली आणि सुई ढळली नाही. त्याने निष्कर्ष काढला की हा वाफेच्या स्फोटाने झालेला खड्डा आहे. १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने या खड्ड्याचे लोणारशी असलेले साम्यही नोंदवले. बेसॉल्टच्या प्रदेशातला लोणार तेव्हा ज्वालामुखीय मानला जात होता, त्यामुळे हे साम्य त्याच्या बाजूचे वाटले.

मापन बरोबर होते, तर्काची मांडणीही स्वच्छ होती. तरी उत्तर चुकले, कारण दोन्ही चाचण्यांच्या मुळाशी एकच न तपासलेले गृहीतक होते: अशनी शाबूत उरतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे गृहीतक दोन ओळींत तपासता येते. वेग सेकंदाला २० किलोमीटर धरा. दर किलोग्रॅममागे गतिज ऊर्जा ½v², म्हणजे २ × १०⁸ ज्यूल. एक किलो टीएनटीच्या स्फोटात सुमारे ४.२ × १०⁶ ज्यूल असतात, म्हणजे अशनीचा प्रत्येक किलो जवळपास ४८ किलो टीएनटीइतका. एक किलो लोखंड तापवून, वितळवून पूर्ण वाफ करायला साधारण ७ ते ८ × १०⁶ ज्यूल पुरतात. ऊर्जेचा मोठा भाग जमिनीत जातो हे धरले तरी अशनीचा बहुतांश भाग वितळून किंवा वाफ होऊन उडून जाणार, हे दिसते. व्यासाच्या मानाने अशनी फार लहान असतो, हेही याच हिशेबातून निघते. हा हिशेब नीट पचण्याआधी डॅनियल बॅरिंजरने १९०३ पासून त्याच खड्ड्यात लोखंड शोधत आयुष्याची दोन-अडीच दशके आणि बराच पैसा घातला. गिल्बर्टची बाजू घेऊन एवढे म्हणायला हवे की आपला निष्कर्ष नव्या पुराव्याने बदलू शकतो, हे त्याने त्याच निबंधात मान्य केले होते. आपल्या टिपणांत ते मोकळेपण अभावानेच दिसते.

लोणारचा निकाल शेवटी खनिजांवर लागला. लॅफाँड आणि डिएट्झ यांनी १९६४ मध्ये अशनिपाताची शक्यता मांडली होती. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी ‘सायन्स’मध्ये छिद्रणातून मिळालेल्या ब्रेशियाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारचे मॅस्केलिनाइटमध्ये, म्हणजे न वितळता काचेसारख्या रूपात, रूपांतर झालेले आढळले. त्याला सुमारे ३० गिगापास्कल दाब लागतो. ज्वालामुखीचा स्फोट या आकड्याच्या जवळपासही जात नाही. पुरावा म्हणजे काय, हे इथे दिसते: एका कल्पनेत जे घडतेच आणि प्रतिस्पर्धी कल्पनेत जे घडूच शकत नाही, ते. चुंबकीय नकाशाला हीच कसोटी लावू.

नकाशा वाचताना

मॅग्नेटोमीटर त्या ठिकाणचे एकूण चुंबकीय क्षेत्र मोजतो. भारतात ते साधारण ४० ते ५० हजार नॅनोटेस्ला असते. पृथ्वीच्या गाभ्यातून येणारा भाग वजा केला की उरते ती विसंगती, आणि ती खडकांमधल्या फरकामुळे येते. फरक हा शब्द महत्त्वाचा. मेक्सिकोतल्या चिक्शुलूबला तेलकंपनीच्या हवाई चुंबकीय सर्वेक्षणात १९७० च्या दशकाच्या शेवटी मोठी वर्तुळाकार रचना दिसली, कारण तिथला वरचा खडक चुनखडी, चुंबकीयदृष्ट्या जवळजवळ मुका. त्याखालचा आघाताने वितळलेला खडक त्या पार्श्वभूमीवर उठून दिसला. लोणारची स्थिती अगदी उलट आहे. इथे सगळीच पार्श्वभूमी बोलकी, आणि तीही एका सुरात नाही. प्रत्येक लाव्हाथर वेगळ्या जाडीचा, वेगळ्या प्रमाणात झिजलेला.

खडकाचे चुंबकत्व दोन प्रकारचे असते. प्रेरित चुंबकत्व आजच्या क्षेत्रामुळे, आजच्या दिशेने. अवशिष्ट चुंबकत्व लाव्हा थंड होताना गोठलेले, त्या काळच्या दिशेने. बेसॉल्टमध्ये दुसरे बहुधा पहिल्याहून मोठे असते. दख्खनच्या लाव्हाचा मोठा भाग उलट ध्रुवतेच्या काळात ओतला गेला, हे पुस्तकात असते. त्यावरून विद्यार्थी समजतात की त्याची दिशा आजच्या क्षेत्राच्या बरोबर १८० अंश उलटी असणार. तसे नाही. तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात होता, त्यामुळे उलट ध्रुवतेची दिशा दक्षिण-आग्नेयेकडे आणि क्षितिजाखाली सुमारे ४५ अंश येते. लोणारला आजचे क्षेत्र उत्तरेकडे आणि सुमारे ३० अंश खाली. दोन्ही एकक सदिशांचा बिंदू-गुणाकार करून पाहा: मधला कोन १०० अंशांच्या आसपास निघतो. जवळजवळ काटकोनच. म्हणून अशा खडकातल्या खड्ड्यावर विसंगती ‘कमी’ दिसेल की ‘जास्त’ आणि ती नेमकी मधोमध येईल की बाजूला सरकेल, हे गणित न करता सांगता येत नाही. तळ्याच्या मध्यभागी सुबक गोल वर्तुळ काढणाऱ्या आकृत्या मला म्हणूनच खटकतात.

आता आघाताचा परिणाम. ब्रेशियात खडकाचे तुकडे वाटेल तसे फिरलेले असतात. प्रत्येकाचे अवशिष्ट चुंबकत्व शाबूत असले तरी दिशा विस्कटलेल्या. N तुकड्यांची सदिश बेरीज N पट होत नाही, साधारण √N पट होते. दहा हजार तुकडे असतील तर एकत्रित अवशिष्ट चुंबकत्व मूळच्या शंभराव्या भागावर येते. प्रेरित भाग मात्र टिकतो, कारण तुकडा कसाही पडला तरी आजचे क्षेत्र त्याला प्रेरित करतेच. त्यावर १०० मीटर गाळ आणि वर पाणी, दोन्ही आसपासच्या बेसॉल्टपेक्षा कितीतरी कमी चुंबकीय. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतल्या राजशेखर आणि मिश्रा यांनी २००५ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लोणारच्या गुरुत्व आणि चुंबकीय विसंगतींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. गुरुत्वात खड्ड्यावर वर्तुळाकार घट दिसते आणि चुंबकीय विसंगती त्याच्या जोडीला वाचली जाते. मला या कामाची खरी किंमत इथे वाटते: ब्रेशियाची जाडी आणि पोकळीचा आकार यांचा अंदाज. गुरुत्वाला घनता कळते, चुंबकत्वाला चुंबकीय खनिजे, आणि दोन्हींना मान्य होईल असे प्रतिमान एकट्या कशाहीपेक्षा जास्त विश्वासाचे.

पण उत्पत्तीचे काय? अशी कल्पना करा की कुणीतरी दख्खनच्या पठारावर तेवढ्याच आकाराची दगडाची खाण खणली आणि ती गाळाने व चुऱ्याने भरली. मॅग्नेटोमीटरला ती जवळपास तशीच दिसेल. स्फोटाने झालेल्या ज्वालामुखीय खड्ड्यातही, ज्याला ‘मार’ म्हणतात, चुरा आणि गाळ असतोच. तिथेही अवशिष्ट चुंबकत्व विस्कटलेले असेल. एक फरक अपेक्षित करता येतो. मारच्या खाली लाव्हा वर आणणारी नळी किंवा भित्ती असते आणि ती गोठलेली असेल तर मध्यभागी तीव्र विसंगती दिसू शकते. ती न दिसणे अशनिपाताच्या बाजूचे आहे, पण कमकुवत, कारण नळी झिजलेली किंवा खोल असू शकते. तेव्हा टिपणातले विधान असे सुधारावे: चुंबकीय सर्वेक्षण अशनिपाताच्या निष्कर्षाशी सुसंगत आहे आणि विवराच्या अंतर्रचनेचा अंदाज देते, उत्पत्तीचा पुरावा धक्क्याने बदललेल्या खनिजांचा आहे. ‘सुसंगत’ आणि ‘सिद्ध’ यांत उत्तरपत्रिकेत एक-दोन गुणांचा फरक पडत असेल. संशोधनात त्याने सगळेच बदलते.

इथे थोडे विषयांतर. अलीकडे प्रकल्प म्हणून फोनमधल्या होकायंत्राने लोणारची चुंबकीय मोजणी करण्याचे प्रस्ताव मुले आणतात. मी लखनौला निशातगंजमध्ये राहतो. पायाखाली गंगेच्या मैदानाचा शेकडो मीटर गाळ, कातळाचा पत्ता नाही. तरी फोन घेऊन पेपरमिल कॉलनीपासून उड्डाणपुलाकडे चालत गेले की आकडे हजारो नॅनोटेस्लांनी वरखाली होतात. ते सगळे स्कूटर, शटर, विजेचे खांब आणि पुलातल्या सळया यांचे. फोनचा संवेदक एका मायक्रोटेस्लाच्या काही दशांशांपर्यंतच भेद करतो, म्हणजे त्याची पायरीच काही शे नॅनोटेस्लाची. प्रोटॉन मॅग्नेटोमीटर एक नॅनोटेस्ला सहज ओळखतो. शिवाय क्षेत्र दिवसभरात काही दशक नॅनोटेस्लांनी आपोआप बदलते, म्हणून एक यंत्र जागच्या जागी ठेवून ते वजा करावे लागते. माणसाने केलेला गोंगाट किती महागात पडतो याचे महाराष्ट्रातच उत्तम उदाहरण आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय काम अलिबागला हलवावे लागले. १९०४ पासून तिथे नोंदी होत आहेत. फोनवर मोजणी जरूर करा, पण त्या अहवालाचे शीर्षक ‘फोनच्या संवेदकाच्या मर्यादा’ असे ठेवा.

दगडाच्या आत

नकाशापेक्षा लोणारचे जास्त रंजक चुंबकीय काम दगडांच्या नमुन्यांवर झाले आहे. प्रश्न असा: धक्का-तरंग गेल्यावर खडकाची चुंबकीय स्मृती पुसली जाते का, की त्या क्षणी नवी लिहिली जाते? १९७८ मध्ये सिसोव्स्की आणि फुलर यांनी धक्क्याच्या चुंबकीय परिणामांवरील निबंधात लोणारचे नमुने वापरले. १९८४ मध्ये पूर्णचंद्र राव आणि भल्ला यांच्या निबंधाच्या शीर्षकातच धक्क्याच्या उगमाचा पुराचुंबकीय पुरावा, असा दावा होता. मूळ दिशेवर चढलेला जो दुय्यम, कच्चा घटक मिळतो, तो आघाताच्या वेळचा आहे, अशी ही मांडणी.

२००८ मध्ये लुझाडा, वाइस, मलूफ आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न पुन्हा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की दुय्यम घटकाला धक्क्याची गरज नाही. तो नंतर, पृथ्वीच्या क्षेत्रात दगड पडून असताना हळूहळू चढलेला आहे. याला श्यान अवशिष्ट चुंबकत्व म्हणतात. मला हे मत जास्त पटते, आणि कारण क्रमाचे आहे. धक्का-तरंग खडकातून क्षणार्धात निघून जातो. काठ उचलला जाणे, थर बाहेर कलणे, वरचे थर पालथे होऊन पडणे हे त्यानंतरच्या काही सेकंदांत घडते. समजा धक्क्यानेच नवे चुंबकत्व दिले. मग ते खडक फिरण्याआधी मिळाले, आणि खडकाबरोबर फिरले. आज काठाच्या वेगवेगळ्या बाजूंच्या नमुन्यांत त्याच्या दिशा विस्कटलेल्या दिसायला हव्यात, आणि थरांचा कल गणिताने सरळ केल्यावर त्या एकत्र यायला हव्यात. मूळ लाव्हाचा घटक तसाच वागायला हवा. उलट, दुय्यम घटक आजच्याच स्थितीत एकत्र असेल आणि आजच्या क्षेत्राकडे तोंड करून असेल, तर तो सगळी हालचाल थांबल्यानंतरचा आहे. हीच ती कल-चाचणी. पुराचुंबकत्वातली ही सर्वांत साधी आणि सर्वांत निर्दय चाचणी आहे. कुठलाही निबंध वाचताना आधी ती शोधा.

याचा अर्थ धक्क्याने काहीच झाले नाही असा नाही. कणांना तडे जातात, त्यांचे चुंबकत्व पुसायला जास्त क्षेत्र लागू लागते. म्हणजे दगड बदलतो, पण त्यात आघाताच्या क्षणाची दिशा सापडेलच असे नाही. पुसून टाकणे आणि नवे लिहिणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. टिपणांत त्या एकत्र केल्या जातात.

लोणारच्या वयाचा वादही इथे ओढला जातो. उष्मादीप्तीवरून सुमारे ५२ हजार वर्षे आणि २०११ च्या आर्गॉन कालमापनावरून सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे, असे दोन परस्परविरोधी आकडे आहेत. चुंबकीय ध्रुवता इथे निवाडा करू शकत नाही. सध्याचा सरळ ध्रुवतेचा काळ सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी सुरू झाला. दोन्ही वये त्याच्या आतच पडतात.

दुसरा मोठा दावा आघाताच्या दिशेचा आहे. सौमित्र मिश्र, अरिफ, बसवैय्या, श्रीवास्तव आणि दुबे यांनी २०१० मध्ये काठाची रचना आणि ग्रहणशीलतेतली दिशाभिन्नता यांवरून अशनी पूर्वेकडून तिरका आला असा निष्कर्ष काढला. दिशाभिन्नता म्हणजे दगड एका दिशेने थोडा जास्त, दुसऱ्या दिशेने थोडा कमी चुंबकित होणे. हे काम कष्टाचे आहे, आणि विवरापासून दूरच्या, धक्का न बसलेल्या दगडांशी तुलना करण्याची खबरदारी त्यात घेतली आहे. माझी शंका वेगळी आहे. बेसॉल्टमधली ही भिन्नता मुळातच थोडकी असते आणि लाव्हा वाहतानाच तिला एक दिशा मिळालेली असते. त्या दिशेवर काठाचा कल चढतो, त्यावर धक्का. तीन परिणाम, एकच मापन. शिवाय लोणारचे विवर जवळजवळ गोल आहे, आणि आघात फारच तिरका नसेल तर विवर गोलच होते. म्हणून आकार या प्रश्नात मदत करत नाही. पूर्वेचा दावा चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. ‘पूर्वेकडून, तिरका’ ही दोन शब्दांची माहिती परीक्षेत तथ्य म्हणून विचारू नये, एवढेच माझे म्हणणे. विचारायचे असेल तर ती कशावरून काढली ते विचारावे.

या सगळ्याचे मोल लोणारपुरते नाही. मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाला मंगळाच्या जुन्या कवचात जोरदार चुंबकीय पट्टे दिसले, पण हेलास आणि आर्जायर या प्रचंड आघात-खोऱ्यांवर जवळपास शांतता. आघाताने तिथले चुंबकत्व पुसले आणि नव्याने द्यायला मंगळाचे स्वतःचे क्षेत्र तेव्हा उरले नव्हते, असे एक वाचन आहे. मंगळाचे चुंबकीय क्षेत्र कधी विझले याचा हिशेब त्यावर बेतला जातो. त्याचा पाया म्हणजे धक्क्याने बेसॉल्टचे नेमके काय होते हे ज्ञान, आणि बेसॉल्टमधले, सुस्थितीतले, चालत जाऊन हातोडीने नमुना घेता येईल असे विवर पृथ्वीवर दुर्मीळ. लोणारचा एखादा निष्कर्ष ढिला राहिला तर तो ढिलेपणा मंगळापर्यंत जातो.

उत्तर भारतातल्या विद्यार्थ्यांना लोणार लांब पडते. त्यांनी मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यातले ढाला पाहावे. तिथला पाया ग्रॅनाइटी खडकांचा आणि आघात दीड अब्ज वर्षांहून जुना. काठ केव्हाच झिजून गेला आहे, त्यामुळे वर मांडलेली कल-चाचणी तिथे तशीच लावता येणार नाही. कोणती लावता येईल, हा वर्गात चर्चेला घेण्याजोगा प्रश्न आहे.

सरावासाठी

१. एका बेसॉल्टमध्ये अवशिष्ट चुंबकत्व प्रेरिताच्या तिप्पट आहे. त्याचे २,५०० सारखे तुकडे होऊन ते यादृच्छिक दिशांनी साचले. नव्या साठ्यात हे गुणोत्तर सुमारे किती राहील? आजच्या क्षेत्रात त्याची एकूण दिशा कुठे वळेल?

२. काठाच्या उत्तर आणि दक्षिण बाजूंचे थर प्रत्येकी ४० अंशांनी बाहेर कलले आहेत. दुय्यम घटक (अ) धक्क्याचा, (ब) नंतर चढलेला असल्यास दोन्ही बाजूंच्या नमुन्यांत दिशा कशा दिसतील, त्यांची आकृती काढा.

३. गिल्बर्टच्या दोन चाचण्यांपैकी, अशनी वाफ होतो हे कळल्यानंतरही एखादी उपयोगाची राहते का? घनफळाच्या चाचणीत काठाची झीज आणि फुटलेल्या खडकाचे फुगणे धरून उत्तर द्या.